नववा पडदा

न्यो बाल्दुइनोंनी खिळ्यावरची गिटार काढून माझ्या मांडीवर ठेवली,
म्हणाले, तीन पडद्यांची उडी, मग एकाचं पाऊल.
तीन, एक. तीन, एक. बस्स. एवढंच.

मिंडेलोत दुपारी चारला वारा असा सुटतो
की दुकानाच्या दाराला दगड लावावा लागतो.
आत लाकडाचा भुसा, सरसाचा डबा,
भिंतीवर पोटं उघडी टाकलेल्या सात गिटारी.
मी बर्फाच्या कारखान्यातून सुटून थेट आलेली,
बोटांची टोकं अजून माझी नव्हती.

तर्जनी पाचव्यावर.
करंगळी आठव्यावर, दुखेपर्यंत ताणून.
मग तर्जनीनं धावत येऊन नववा गाठायचा
आणि पुन्हा तेच.
तेच म्हणजे अगदी तेच:
चार पडदे वर सरकलं की हात स्वतःलाच भेटतो,
ओळख न देता पुढे जातो.

"पण घरचा सूर कुठला?"
"याला घर नाही," ते म्हणाले,
"किंवा तीन आहेत, आणि तिन्हींचं भाडं सारखंच."
रॉटरडॅमच्या बोटीवर, इंजिनाच्या खोलीत
कुणा हंगेरियन तेलवाल्याकडून शिकले होते म्हणे.
त्याचं नाव आठवत नाही त्यांना.
अंगठ्याला नख नव्हतं, एवढं आठवतं.

आमच्याकडची चाल परत येते.
रडून झालं की येते, पिऊन झाली की येते,
आई भांडी घासताना गुणगुणते तीसुद्धा
शेवटच्या ताटाबरोबर खाली टेकते.
ही टेकेचना.
गोल जिना, आणि प्रत्येक मजल्यावर
तोच रंग, तीच कडी, तेच दार.
तीन आठवडे मी चढत होते.

एवांद्रो तिकडून फोनवर ऐकायचा.
"काय गं हे, अर्धवट?"
अर्धवट नाही रे, मी म्हटलं, पूर्ण आहे,
म्हणून तर संपत नाही.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मागे त्याच्या ट्रामची घंटा वाजली.

मग एका शनिवारी ध्यानात आलं
की मी थांबते ती नेहमी एकाच जागी.
तिसरी तार, नववा पडदा.
तिथे धातू झिजून खळगा पडलेला,
तार खरखरायची,
खोकून हाक मारणाऱ्या माणसासारखी.
कान तिथे पोचला की म्हणायचा, आलो.

"ही झेफेरिनो न्हाव्याची," बाल्दुइनो म्हणाले.
"बायको लिस्बनला गेली त्या वर्षापासून
एकच मोर्ना वाजवायचा. एकच. गिऱ्हाईक खुर्चीत फेस लावून बसलेलं
आणि हा आपला त्याच एका जागी बोट दाबून."

म्हणजे एवढ्या सारख्या-सारख्या जिन्यात
कुणीतरी आधी राहून गेलं होतं.

मंगळवारी गेले तर पडदा बदललेला.
नवा, चकचकीत, दोन्ही टोकं कानस मारून गुळगुळीत.
"खरखर होती ना, काढून टाकली. पैसे नकोत."
काय बोलणार? मी थँक्यू म्हटलं, आणि वाजवलं.
साफ. आमच्या कारखान्यातल्या लादीसारखं साफ,
इकडून तिकडचं दिसावं असं.
तीन घरं, तिन्ही रिकामी.

फक्त नवव्याजवळ येताना
माझं बोट अजून थोडंसं कचरतं.
बुटकी चौकट पाडून टाकल्यावरही
उंच माणूस तिथे मान वाकवतो ना,
तसं.

"इथे का अडखळतेस?" बाल्दुइनोंनी विचारलं,
मान वर न करता, कुणाच्या तरी गिटारीचा पूल घासत.
काही नाही, म्हटलं.
वाऱ्यानं दाराचा दगड वीतभर सरकवला होता.
उठून तो परत लावला,
आणि पाचव्यापासून पुन्हा:
तीन, एक. तीन,